बोहारणीला दिलेली लुगडी

पलूस,
मंगळवार

प्रिय दादासो,

आईची सगळी लुगडी बोहारणीला देऊन तुमी नवराबायकोनं जो स्टीलचा टोप घेतलायसा, त्यात दूध चांगलं तापतंय न्हवं? बुडाला लागत न्हाई न्हवं? फोनवरच विचारणार हुते, पण तू फोन उचलत न्हाईस. उचललास तर स्पीकरवर टाकतोस आन मागनं मंगल खोकती. म्हणून चौथी शिकलेल्या बाईनं कागद हातात घेतलाय. अक्षर लागलं न्हाई तर समीक्षाकडनं वाचून घे, पोरगी तुझी कॉलेजात हाय.

एक लुगडं ठेवावं, एवढं तरी डोकं चालावं का न्हाई माणसाचं? मंगलला विचारलं तर मला म्हणती, "आक्का, आता त्यांना कुठं नेसायची आहेत? गाऊन बरा, काढाय-घालायला सोपा." सोपा कुणाला ते काय तिनं सांगितलं न्हाई.

तू इसरला असशील म्हणून सांगते. दिवाळीच्या आधी आईला झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, तवा सांगलीच्या दवाखान्यात तिच्या उशाला मी हुते. तू यायचास, डॉक्टरसंगं इंग्रजीत बोलायचास, मोसंब्यांची पिशवी ठेवायचास आन गाडी रस्त्यात लावलीया म्हणून पळायचास. तिथं व्यायामाच्या खोलीत दोन लोखंडी दांड्या हुत्या, कमरेएवढ्या उंच. त्यांच्या मधनं आई चालली. आधी पाय फरफटत, मग उचलून. घरी सोडताना तिथल्या मॅडमनी तुला बजावलं, मी शेजारीच हुते, की पहिलं काही महिनं लय मोलाचं हायत, रोज चालवा, आज खोलीत तर उद्या दाराबाहेर, बसवून ठेवू नका. तू मान हलवलीस. मान हलवण्यात तू लहानपणापासनं पहिल्या नंबरात.

मग संक्रांतीनंतर मी तुमच्याकडं साताऱ्याला आले तर काय बघायला मिळालं? आई पलंगावर, अंगात फुलाफुलाचा गाऊन, पिंढऱ्या उघड्या. कोपऱ्यात नवाकोरा वॉकर, आन त्याच्यावर तुमचं टॉवेल वाळत घातल्यालं. चालायला आणलेल्या वस्तूचा असा उपेग बघून मला तुझं लय कौतिक वाटलं. मंगल तिला न्हाऊ घालती, भाकरी कुस्करून भरवती, ते मी न्हाई म्हणणार न्हाई. पण आई म्हंजे काय कुंडीतलं झाड हाय व्हय, पाणी घातलं की झालं? व्यायाम घ्यायला येणारी ती प्रियदर्शनी मॅडम म्हणाली, "मावशी, घरात चालतात, पण दाराबाहेर न्यायला गेलं की उंबऱ्यावर थांबतात आणि मागे फिरतात." मंगल म्हणाली हट्टी हायत. आन तू सोफ्यावर मोबाईल चोळत म्हणालास, "आक्का, मेंदूला मार बसलाय, तिची चालायची इच्छाच मेली."

आटपाडीच्या माळावरनं मेंढरामागं कोकणापातुर जाणारी बाई ती. तुला पाठीला बांधून तिनं घाट उतरलेत. तिची चालायची इच्छा मेली म्हणं! तुझी इच्छा मेली तिला चालवायची, ते सरळ सांग की. लिफ्ट बंद पडली तर तू हापिसाला सुट्टी टाकणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी मीच तिला दारापातुर नेली. समोरच्या फ्लॅटातलं म्हातारबा चपला घालत उभं हुतं. आई थांबली. काठी माझ्याकडं दिली आन डावा हात डोक्यावर नेला, पदर धरायला. पदर कुठला असायला? हात नुसताच केसांवरनं फिरला. मग खाली येऊन गाऊन ओढायला लागला, पिंढऱ्या झाकायला. तो गाऊन ओढून ओढून किती लांब व्हणार? वळली आन पलंगाकडं निघाली. मागनं मंगल म्हणती कशी, "बघितलंत? रोज असंच करतात."

रोज असंच करती आन रोज बघून तुमच्यातल्या एकालाबी कळलं न्हाई! त्या म्हाताऱ्यानं आईला कवा उघड्या डोक्यानं बघितलंय का? तुझ्या बापानं तरी बघितलं असंल का, मला शंका हाय. जन्मभर कासोट्याचं लुगडं आन डोईवर पदर, अशा बाईला तुमी फुलाफुलाच्या झग्यात चारचौघांत काढताय, आन ती मागं फिरली की म्हणताय मेंदू गेला. अरं, मेंदू जाग्यावर हाय म्हणून तर ती मागं फिरतीया! सांगलीत मी तिला रोज लुगडं नेसवत हुते, ते आपलं सवयीनं. त्येच्यावर तिचं चालणं अडलंय हे मलाबी त्या दारात उभं ऱ्हायल्यावर दिसलं. पण मी निदान बघितलं. तुमी तिघं दोन महिनं काय बघत हुतासा, टीव्ही?

लुगडी मागितली तवा टोपाची गोष्ट बाहेर आली. तशीच पेठेत गेले. दुकानदार पोरगा विचारतोय, "नऊवारी? डान्सचा प्रोग्राम आहे का?" म्हणलं, व्हय बाबा, माझी म्हातारी आई नाचणार हाय. घरी आणून नेसवायला घेतलं. आई कपाटाला टेकून उभी ऱ्हायली. माझी एक निरी तिरकी गेली तर डाव्या हातानं फाटकन माझ्या हातावर चापट मारली. मेंदूला मार बसलेल्या बाईनं, बरं का. पदर डोक्यावर घेतला, तो चेपून बसवला, आन काठी मागितली.

उंबरा वलांडला. लिफ्टनं खाली. इमारतीला वळसा घालून गेटापातुर. उजवा पाय घासत हुता, मधी मधी थांबत हुती, पण कासोटा असल्यानं पायात कापड येत न्हवतं. गाऊन तर सारखा पायात यायचा, हे मंगललाबी ठावं हाय. वॉचमन खुर्चीवरनं उठला. आईनं त्येच्याकडं बघून मान डोलावली, पाटलीणबाईवानी. दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनी मॅडमनी तिला जिना शिकवला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना आजारी पाय आधी. पोरगी चांगली हाय. तिला खरं काय ते कुणी सांगायला पायजे हुतं, एवढंच.

आन तू? हापिसातनं आलास, गेटात आईला बघितलंस आन माझ्याच अंगावर आलास. "आक्का, सोसायटीत हे काय लावलंयस? पडली म्हंजे?" पडंल की. पडली तर उठवायची. पडायला नको म्हणून धरायचं, धरायला संगं चालायचं. पण तसं केलं तर सोसायटीला कळंल की दादासाहेबांची आई धनगरीण हाय, लुगडं नेसती आन पाय ओढत चालती. तुला भ्या आई पडायचं न्हाई, गड्या. तुला भ्या दुसऱ्याचंच हाय.

मी पलूसला आले आन त्याच आठवड्यात आई परत गाऊनात. मंगल म्हणती नेसवता येत न्हाई, आन लघवीची घाई झाली की कासोटा वेळेवर सुटत न्हाई. ते मात्र खरं हाय, तेवढं मी मान्य करते. म्हणून मी आमच्या शिंप्याकडनं दोन लुगडी शिवून घेतली. निऱ्या शिवलेल्या, कासोट्याला चिकटपट्टी, एका हातानं ओढली की मोकळं. शिंपी हसत हुता, हसूं दे. पार्सल केलं. समीक्षा सांगती, पार्सल अजून बांधलेलंच पलंगाखाली पडलंय. चिकटपट्टी लावायला काय डिग्री लागती का रं? तुमच्या घरात डिग्र्यांची तर कमी न्हाई.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. काल समीक्षाचा फोन आला, पोरगी हुंदकं देत हुती. म्हणाली, पप्पांनी आजीसाठी हायवेच्या कडेला ते म्हाताऱ्या माणसांचं ठिकाण बघितलंय, एक तारखेला सोडणार, आन आत्याला नंतर सांगणार. फोटोबी पाठवला तिनं. रांगेनं पलंग, आन सगळ्या बायकांच्या अंगात एकसारखं आकाशी गाऊन. कातरणी झाल्यावर कळप दिसतो तसं दिसत हुतं. मेंढराला तरी लोकर परत येती. दादासो, त्या पलंगावर आई एकदा पडली की परत उठणार न्हाई, हे तुला कळतंय. म्हणूनच मला नंतर सांगणार हुतास. माझी खोली तयार हाय. दोन म्हशींतली एक इकली, दोन्हींचं आन आईचं एकटीला झालं नसतं. आमचं हे म्हणालं, आण घेऊन, दारातनं पार कॅनॉलपातुर सपाट रस्ता हाय. पण मी तुझ्यासारखं परस्पर ठरवणार न्हाई. तू आईला विचार. पलंगावर पडलेलीला न्हवं. ते पार्सल फोड, लुगडं नेसव, काठी दे, उभी कर, आन तिच्या तोंडाकडं बघून विचार की हायवेला जातीस का शालनकडं. बोलता येत न्हाई तिला, पण जिकडं जायचं तिकडं पाऊल टाकता येतं. ती काय करती ते मला कळव. रविवारी दिवस मावळायच्या आत, तुझ्या स्वतःच्या तोंडानं, मंगलच्या न्हवं. तुझं उत्तर आलं न्हाई तर सोमवारी सकाळी गाडी घेऊन मी तुझ्या दारात हाय.

तुझीच,
शालनआक्का