तुझं एव्होरा मी बघून आले

रियाध,
शनिवार, दुपार

महेश,

'प्रिय' मुद्दाम लिहिलेलं नाही, चुकून राहिलं असं समजू नकोस. सासूबाईंसमोर मी तुला 'अहो' म्हणायचे आणि इथे रियाधमध्ये फ्लॅटचं दार लागलं की 'अरे'. आज दार लागलेलं आहे. तेव्हा अरे महेश, नीट ऐक.

परवा मी आणि सई पोर्तुगालहून परत आलो. बॅगा अजून हॉलमध्येच पडल्यात. असरची, दुपारच्या नमाजाची अजान आत्ताच झाली, लेक तुझी आत झोपली आहे, आणि उद्या सकाळी मला दवाखान्यात जायचंय. माझ्या डाव्या काखेत गाठ आहे, बोराएवढी. तू गेल्यावर महिन्याभरात हाताला लागली. तिकडे जाण्याआधी तुझ्याशी एकदा कडकडून भांडून घ्यावं म्हणून लिहायला बसले. जिवंत होतास तेव्हा मी भांडायला लागले की हसत हसत बाल्कनीत जायचास. आता कुठे जाशील?

लोकांना मी सांगते, हार्ट अटॅकने गेला. खरं सांगू? तू 'इंडियाला गेल्यावर दाखवतो' म्हणत म्हणत गेलास.

आपण गल्फवाले सगळे असलेच. दाढ दुखते? इंडियाला गेल्यावर. चष्म्याचा नंबर बदलला? इंडियाला गेल्यावर. वर्षभराची दुखणी लोणच्यासारखी बरणीत भरून ठेवायची आणि गणपतीच्या सुट्टीत अलिबागला नेऊन उघडायची. आपल्या बिल्डिंगच्या खाली दवाखाना, कंपनीचं इन्शुरन्स कार्ड तुझ्या पाकिटात, तरी तुझं आपलं एकच. "इथले डॉक्टर कार्ड बघून टेस्ट लावतात गं. आपला अलिबागचा डॉक्टर नुसता चेहरा बघून ओळखतो." दर वर्षी विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायला पळायचास. शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, सगळं तिथे. मी हसायचे त्या रीतीला. पण निदान ती रीत तरी होती.

मग तीही मोडलीस. का, तर पोर्तुगालमधल्या एका आडगावासाठी.

किती वर्षं ऐकलं मी ते एव्होरा! तू रेवदंड्याचा, पोर्तुगीजांच्या कोटाच्या आत जन्मलेला. कोटाच्या भिंतीला सायकल टेकवून शाळेत जाणारा, सातखणी मनोऱ्याखाली क्रिकेट खेळणारा. बँकेत आकडेमोड करून घरी आलास की जेवताना सुरू व्हायचास. पाव त्यांचा, बटाटा त्यांचा, चावी त्यांची, पगारसुद्धा त्यांचाच. आणि मी म्हटलं, एवढं आहे तर लिस्बन बघून येऊ, तर म्हणालास, "लिस्बन सगळेच बघतात. आमच्या गावात जे शिपाई आले ना, ते असल्या आतल्या गावांमधली शेतकऱ्यांची पोरं असणार. समुद्रसुद्धा न बघितलेली. पोटासाठी परमुलखात आलेली, आपल्यासारखी. त्यांचं घर बघायचंय मला."

आपल्यासारखी म्हणे. अरे, आपण इथे येताना तोफा नाही आणल्या. आपण आणलं ते कोकम आणि प्रेशर कुकर.

गेल्या वर्षी तू जाहीर केलंस, "या वर्षी गणपतीला गावी नाही. रजा साठवणार आणि पुढच्या उन्हाळ्यात एव्होरा." घरात केवढा गहजब झाला. सासूबाई तुझ्याशी बोलेनात. तुझा भाऊ म्हणाला, "दादाला युरोपचं वारं लागलं." सगळ्यांची बारशी, लग्नं, वास्तुशांती तू तुझ्या रजेतून केलीस, बॅगा भरभरून खजूर आणि अत्तरं नेलीस, आणि एकदा स्वतःसाठी काही मागितलंस तर एवढी बोलणी. मी तुझ्या बाजूने सगळ्यांशी भांडले. मला काय माहीत, गणपती चुकला तशी तुझी तपासणीही चुकणार होती?

थंडीत तुझ्या छातीत जळजळायला लागलं. रोज जेवल्यावर इनो. मी म्हटलं, खाली जाऊन ये. तू म्हणालास, "ॲसिडिटी आहे. आणि आता काही निघालं तर डॉक्टर विमानात बसू देणार नाही. पोर्तुगाल होऊ दे, मग डिसेंबरात इंडियाला गेलो की सगळं दाखवतो." लिफ्टने खाली जायचं होतं रे! समुद्र ओलांडायचा नव्हता. आणि एका गुरुवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडं ठेवूनच गेलास. डिसेंबरची वाट बघायला आम्हाला ठेवलंस.

मग तुला रेवदंड्याला नेलं, दिवस केले, परत आले, इकाम्यासाठी, इथे राहायच्या परवान्यासाठी, खिडक्यांवर उभी राहिले. तुझ्या नावावरच्या आम्ही दोघी आता मी नोकरी करते त्या शाळेच्या नावावर आहोत. हे सगळं करताना रडायलासुद्धा फुरसत मिळाली नाही. राग मात्र रोज येत होता. आणि मेमध्ये सई म्हणाली, "बाबांनी बुक केलंय ना? मग जाऊया." मी हो म्हटलं. श्रद्धेने नव्हे हं. ज्या गावापायी माझा नवरा गेला, ते गाव एकदा समोर उभं राहून बघून घ्यावं, एवढ्यासाठीच निघाले.

तर ऐक तुझ्या एव्होराचं. लिस्बनहून बस आत आत जाते. दोन्ही बाजूंना बुचाची झाडं, खोडं सोललेली, आतून विटकरी लाल. ऊन इतकं की मला वाटलं, रियाधहून निघालोच कशाला? गाव कोटाच्या आत, तुझ्या गावासारखंच. पांढरी घरं आणि भिंतींना खाली पिवळा पट्टा, आपल्याकडे गेरूचा मारतात तसा. मधोमध रोमन देवळाचे खांब उभे, वर छप्पर नाही. रस्ते दगडी, माझ्या चपला पहिल्या दिवशीच गेल्या. मनात म्हटलं, याच्यासाठी?

बायका दारात बसून बोलत होत्या आणि आम्ही गेलो की बोलणं थांबवून बघत होत्या. अगदी रेवदंडा. तुझी आई नाही का नव्या माणसाला खालून वर बघते!

आणि जेवण. खाणावळीच्या बाईने समोर आणून ठेवलं तर काय, शिळा पाव गरम पाण्यात भिजवलेला, वर वाटलेली लसूण, ढीगभर कोथिंबीर आणि एक अंडं. कोथिंबीर, महेश! युरोपात! सईने दोन वाट्या खाल्ल्या. तू गेल्यापासून ती पोर धड जेवली नव्हती. हे तू खायचं होतंस आणि सगळ्या खाणावळीला ऐकू जाईल असं व्याख्यान द्यायचं होतंस. ते तुझं व्याख्यान मी टेबलाखाली पाय हलवत ऐकून घेतलं असतं, आनंदाने घेतलं असतं. आणि तू इनो पीत बसलास!

दुसऱ्या दिवशी तुझं ते हाडांचं चॅपल. भिंती, खांब, सगळं माणसांच्या हाडांनी आणि कवट्यांनी मढवलेलं. तू तर म्हणायचास, हे पहिलं बघायचं. मी सईला म्हटलं, तू जा, मी नाही येत. तुझ्या अस्थी तुझ्या भावाने गोळा करून आणल्या तेव्हा मी त्या मडक्याकडे बघू शकले नव्हते. परक्यांची हाडं बघायला मी तिकीट काढू? मी बाहेर पायरीवर बसले.

तिथेच तुझ्या बहिणीचा, ज्योतीचा, व्हिडिओ कॉल आला. आधी ठरलेलंच, "वहिनी, वर्ष व्हायच्या आत फिरायला गेलात, लोक विचारतात हो." मी म्हटलं, लोकांना माझा नंबर दे. मग ती मवाळ झाली, कधी येताय म्हणाली. आणि मी सहज, दुधाचा रतीब सांगावा तसं तिला सांगितलं, "डिसेंबरात येते. तेव्हा अलिबागच्या लेडी डॉक्टरची वेळ घेऊन ठेव. काखेत गाठ आहे जराशी, दाखवायची आहे. घाई नाही काही."

फोन ठेवला आणि मान वळवली तर सई मागे उभी.

सोळा वर्षांची पोर, कवट्या बघून बाहेर आलेली, आणि तिने हे ऐकलं. एवढंच विचारलं, "कबसे है, आई?"

मी म्हटलं, "अगं, काही नाही, दुखत पण नाही."

"आय आस्क्ड, कबसे."

"मार्चपासून."

ती वळली आणि चालायला लागली. मी मागे धावतेय, फाटक्या चपला, दगडी रस्ते, ती मागे बघत नाही. पार गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली. तिथे पाणी आणायचा जुना उंच कालवा आहे, आणि त्याच्या कमानींच्या आत लोकांनी घरं बांधलीत. एका कमानीत दार, खिडकी, वर दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. तू वेडा झाला असतास ते बघून. सई त्या घराच्या ओट्यावर बसली होती.

"तुम्हा दोघांचं ना सेम आहे," ती म्हणाली. एरवी माझ्या मराठीला हिंदी-इंग्लिशमध्ये उत्तर देणारी, सगळं एकत्र करून बोलत होती. "राहायचं इकडे, शाळा इकडे, सगळं इकडे. आणि आजारी पडायचं ते गावी जाऊन. व्हाय? बाबा ने भी डिसेंबर बोला था. डिसेंबर आलाच नाही त्यांचा. आणि तू पण डिसेंबर बोलतेस? मैं किसके पास रहूँगी, आई?"

इतके महिने मी तुझ्यावर जे जे ओरडत होते, मनातल्या मनात, स्वयंपाक करताना, शाळेच्या बसमध्ये, ते सगळं ती माझ्या तोंडावर म्हणत होती. एक शब्दही वेगळा नाही. आतल्या म्हातारीने दार उघडलं, रडणारी पोर बघितली आणि न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बसून राहिलो. सईने माझ्या काखेत हात घालून ती गाठ चाचपली, भर रस्त्यात. मी तिला करू दिलं.

आणि खरं सांगते, तेव्हा तुझा जेवढा राग आला तेवढा पार्किंगमधल्या त्या गुरुवारीही आला नव्हता. तू गेलास ते गेलासच, पण ही भीती माझ्या लेकीच्या पोटात ठेवून गेलास. आता मला साधा खोकला आला तरी ती दारात येऊन उभी राहते. हे तुला दिसतं का रे तिकडून? दिसत असेल तर बघ. मुद्दाम बघ.

परत आल्यावर तिने मला काही विचारलं नाही. मोबाईलवर माझ्यासाठी उद्याची वेळ घेतली, माझं कार्ड, माझा इकामा, सगळं तिनेच भरलं, आणि मेसेज मला दाखवला. ज्योतीने इकडून तिकडून अलिबागचंच चालवलं होतं, "आपले डॉक्टर आपले असतात, वहिनी." सईने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "आत्या, सॉरी. नाही." आणि ठेवला. तुझ्या घराण्यात एवढ्या कमी शब्दांत आजवर कुणी कुणाला नकार दिला नसेल.

तेव्हा आता माझं वचन ऐक. उद्या काय निघेल ते मला माहीत नाही. काही निघणार नाही, किंवा सगळंच निघेल. जे निघेल ते मी त्याच संध्याकाळी सईला सांगेन, सगळं, गोड न करता. कापायचं म्हणाले तर इथेच कापून घेईन. केस गेले तर अबायावर स्कार्फ आहेच, ती एक सोय आहे या देशात. गणपतीत, डिसेंबरात, तुझ्या वर्षश्राद्धाला, गावी जाईन ती धडधाकट जाईन, नाहीतर जाणार नाही. तुझ्या आईला राग आला तर येऊ दे. आपण त्यांचे राग फार सांभाळले.

आणि एक. ज्योती परवा फोनवर रडत म्हणाली, दादा तिकडे तुमची वाट बघत असेल. असशील तर बस बघत. सईचं शिक्षण व्हायचंय, तिचं घर बघायचंय, त्या कोथिंबिरीच्या पावाची कृती त्या बाईला पुन्हा जाऊन विचारायची आहे. तुझ्यावर तर अजून कितीतरी चिडायचं राहिलंय, आणि ते मी इथे बसून, सावकाश, म्हातारी होईपर्यंत करणार आहे.

तुला भेटायची मला अजिबात घाई नाही.

तुझीच,
वैशाली