अष्टमीच्या दिवशी पोरी हव्यात

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. माळ चढवली, दिवा लावला, जरा टेकते तोच शेजारच्या पंकजाने मोबाईल पुढे केला — "बाई, भाऊंचं भाषन लागलंय बघा." आजच्या दिवशी! अजिनाथ भाऊ म्हणजे आमचे माजी आमदार, अख्ख्या तालुक्याचे पुरोगामी. खादीचा झब्बा, खांद्यावर शाल आणि नेहमीचाच पाढा — भगिनींनो, उपासतापास सोडा, घटाला माळा वाहण्यात जातो तो वेळ मुलींच्या शिक्षणाला द्या!

अहो, माझी हयात गेली मुली शिकवण्यात! आणि उपास करूनच शिकवल्या. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी शाळेत जायचे. त्याने एकाही पोरीचं गणित चुकलं नाही. मुली शिकवायच्या तर देव सोडायला पाहिजे, हे कुणी ठरवलं?

भाऊने देव मानू नये, माझी हरकत नाही. हरकत वेगळीच आहे. सावेडीत भाऊच्या संस्थेचं वसतिगृह आहे — ऊसतोड मजुरांच्या मुलींसाठी, सरकारी अनुदानावर. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची मुलगी राजनंदिनी. आईबाप दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यावर जाणार, पोरीची शाळा सुटणार. म्हणून जूनमध्ये मी तिला तिथे पाठवलं. "जागा नाही" म्हणून परत आली. पोर हुशार! खिडकीतून डोकावून आली. म्हणाली, "बाई, खोल्यांना कुलपं हायेत. गाद्या गुंडाळून ठेवल्यात."

आणि त्या वसतिगृहाची अधीक्षिका कोण? माझी स्नेहल. पोटची लेक.

बुधवार, २४ सप्टेंबर

स्नेहलला फोन लावला. खाटा रिकाम्या आणि पोर परत का धाडलीस? म्हणाली, "यादी वरून येते, आई. माझ्या हातात नाही." मग तेच — "तुला भाऊंच्या विचारांचा राग आहे, म्हणून प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

आहेच राग. लपवत नाही. पण कुलूप लावलेली खोली माझ्या रागाने रिकामी झाली का?

तिचीही बाजू कळते मला. दारुड्या नवऱ्याच्या घरून मीच तिला परत आणली. लोक म्हणाले, एवढ्या सोवळ्यातल्या बाई आणि लेकीचा संसार मोडला. मार खात राहा म्हणून कुठल्या पोथीत लिहिलंय ते दाखवा म्हटलं, कुणी दाखवलं नाही. त्या दिवसांत भाऊने तिला नोकरी दिली. तेव्हापासून भाऊचा शब्द तिला प्रमाण. नुसती नोकरी म्हणून नाही — मनापासून. त्याची भाषणं तिला तोंडपाठ आहेत. खाल्ल्या मिठाला जागते पोर. जागावं. पण मीठ कुणाच्या ताटातलं होतं तेही बघावं ना!

रविवार, २८ सप्टेंबर

आज हसून हसून पोट दुखलं.

देवीच्या देवळात बायांचं भजन चाललेलं. वाल्मिक आला. भाऊचा उजवा हात, जीपमधून खाली न उतरणारा माणूस, आज चक्क चपला काढून आत. मला पाहून जरा चपापला. मग स्नेहलची आई म्हणजे आपल्यातलीच, असं धरून बोलायला लागला — "वसतिगृहाची तपासनी हाय मंगळवारी. शाळंतल्या पोरी पायजेत, निस्त्या दिवसभर. ड्रेस आपला, जेवन आपलं, जीपनं नेऊ अन् सांजच्याला आनून सोडू. तुमी तिथंच ऱ्हाता का म्हनून इचारलं तर व्हय म्हनायचं, लई काय न्हाई."

पोरी भाड्याने! तेही देवीसमोर उभा राहून!

बायांत एकदम हशा. मंगळवारी अष्टमी! त्या दिवशी गावातल्या एकेका पोरीला चार-चार घरचं कुमारिकेचं आवतण असतं. घरोघरी पाय धुतात, जेवू घालतात. कोण आई त्या दिवशी लेक जीपमध्ये बसवून देईल? म्हाताऱ्या बनुबाई टाळ खाली ठेवून म्हणाल्या, "आरं, त्या दिशी पोरी देवी असत्यात. देवी भाड्यानं न्हाई मिळत, बाबा!"

वाल्मिक रडकुंडीला — "आता काय करू? तारीख भाऊंनीच मागून घेतली. भाऊ पंचांग बघत न्हाईत."

मी म्हटलं, सांग भाऊला, पंचांग नको तर नको, निदान किराणा दुकानदाराने दिलेलं कॅलेंडर तरी बघ म्हणावं!

लोका सांगे ब्रह्मज्ञान! ज्या लोकांच्या नावाने राजकारण करायचं, त्यांच्या घरी अष्टमीला काय असतं एवढंही ठाऊक नाही.

मंगळवार, ३० सप्टेंबर

कुमारिका जेवल्या. राजनंदिनीचे पाय धुताना ती लाजली. पुरणपोळी मात्र मागून घेतली. पंकजा आरतीला नव्हती. घराला कुलूप. नवरात्रात ही कधी चुकत नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

सापडला! स्वतःच्याच फोटोत सापडला!

भाऊच्या माणसांनीच गावाच्या ग्रुपवर टाकलाय. "वंचितांच्या लेकी, उद्याच्या अधिकारी." वसतिगृहाचा हॉल, खाटांवर ओळीने बसलेल्या मुली, मध्ये भाऊ, पाहुणे, कडेला माझी स्नेहल — मान खाली. मुलींना निळे पंजाबी ड्रेस, दोन वेण्या, लाल रिबिनी. आणि हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या! पायांत जोडवी!

चष्मा पुसून परत पाहिलं. दुसऱ्या ओळीत रिबिनी बांधलेली आमची पंकजा. दोन लेकरांची आई!

तशीच तिच्या घरी गेले. आधी नाही-नाही म्हणाली, मग पदरात तोंड खुपसून हसली, मग रडली. "पोरी मिळंनात म्हनून वाल्मिकनं पैसं दिऊन आमालाच नेलं, बाई. नव्या नवऱ्या, न्हाईतर बारक्या दिसत्यात आशा निवडून. मंगळसूत्र ड्रेसात घाला म्हनला, घातलं. बांगड्या काढा म्हनला. म्या म्हनलं, घट बसल्यात घरी, सवाष्णीनं हात मोकळं करायचं? मेले तरी न्हाई! समद्याच अडून बसल्या. जोडवी बी न्हाई काढली. अन् अनवानी गेल्तो समद्या, नवरात्र हाय म्हनून. मग पाय झाकायचं कशात?"

आणि तपासायला आलेल्यांना काही दिसलं नाही? शाळकरी पोरींच्या पायांत जोडवी दिसली नाहीत? "त्यांनी वर बघितलंच न्हाई. जेवन झालं, सह्या झाल्या, गेले."

धन्य आहे पोरींनो तुमची! पैशासाठी खोटं बोललात, त्याबद्दल पंकजाला मी चांगलं झाडलं. पण बांगडी उतरवली नाहीत! ज्याला भाऊ जन्मभर अडाणीपणा म्हणत आला, त्यानेच भाऊ उघडा पडला. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, फार आनंद झाला.

मग फोटोतल्या स्नेहलकडे पुन्हा नजर गेली.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

स्नेहल सोनं द्यायला आली. आपट्याची पानं हातात दिली, वाकली. मी आशीर्वाद दिला आणि फोटो समोर धरला.

"हो. मला सकाळी कळलं. जीपा आल्या तेव्हा." थांबवलं का नाहीस? "भाऊ म्हणाले, एकदाच. अनुदान सुटलं की खरंच मुली भरू. आई, तिथे मूठभर का होईना, खऱ्या मुली आहेत. अनुदान बंद झालं तर त्यांनी कुठे जायचं?"

मी म्हटलं, मी तक्रार देणार. फोटो आहे, बायका आहेत, राजनंदिनी आहे.

तिने माझ्याकडे पाहिलं. "दे. पण एक लक्षात घे. 'सगळ्या मुली हजर होत्या' असं लिहिलेल्या कागदाखाली सही माझी आहे. भाऊंची सही कुठेच नाही. कुठेच नसते. पहिली आत जाईन ती मी."

जेवली नाही. श्रीखंड तसंच राहिलं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सकाळच्या एसटीने नगरला गेले आणि समाजकल्याण कार्यालयात तक्रार दिली. माझी लेक आहे म्हणून दुसऱ्यांच्या लेकींचं खाल्लेलं पचू द्यायचं? भाऊने आपल्या माणसांना सांभाळलं आणि मीही माझ्या माणसाला सांभाळलं, तर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला?

स्नेहलला फोन करून सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाली.

रविवार, ५ ऑक्टोबर

वैजनाथचा फोन. आमच्या पक्षाचा — म्हणजे मी ज्याला मत देते त्या पक्षाचा — तालुक्याचा पुढारी. "बाई, लई भारी काम केलं! पन आत्ताच नगं. जिल्हा परिषद लागू द्या, मग फोडू. तंवर फोटो दाबून ठेवा."

म्हणजे चोरी पकडायची ती पण मुहूर्त बघून! आणि हे पंचांग बघणारे!

म्हटलं, वैजनाथ, मी तुझ्यासाठी नाही केली तक्रार. फोन आपटला. तुझ्या मांडवाखाली असं काही दिसलं तर तुझाही फोटो नेऊन देईन. हे त्याला म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

स्वतः भाऊ दारात!

एकटा. गाडी लांब उभी केलेली. मी नको म्हणत असतानाही वाकून पायाला हात लावला. पाणी दिलं. दारात आलेल्याला पाणी देतात. चहा दिला नाही.

"सत्यशीलाबाई, आपले मतभेद वैचारिक आहेत. मला तुमच्याबद्दल आदरच आहे."

"विचारांचं राहू द्या, भाऊ. खाटांवर मुली का नव्हत्या ते सांगा."

हसला. गोड हसतो, सभेत हसतो तसाच. "संस्था चालवणं सोपं नसतं, बाई. चौकशीला बाई अधिकारी नेमल्यात, कडक आहेत म्हणतात. मला बोलावतील. मी काय सांगणार? मी बाहेरगावी असतो. अधीक्षिकेवर विश्वास टाकला, तिने मला अंधारात ठेवलं. स्नेहल मला लेकीसारखी आहे हो. मला असं बोलायला लावू नका."

किती शांतपणे बोलला! जणू हवापाण्याच्या गोष्टी.

"लेकीसारखी?" मी म्हटलं. "तुमच्या लेकीची सही घेतली असती का त्या कागदावर?"

उठला. दारात थांबून म्हणाला, "सोमवारपर्यंत विचार करा. तक्रार मागे घेता येते." 

तो गेल्यावर पेला विसळून पालथा घातला. स्त्रियांच्या सन्मानावर तास-तास बोलणारा माणूस! बिनलग्नाचा असता तर म्हटलं असतं, बाईमाणूस कळत नाही. चांगल्या दोन लेकी आहेत घरात, शहरात शिकवतोय.

शनिवार, ११ ऑक्टोबर

स्नेहल फोन उचलत नाही. पंकजा म्हणते, वाल्मिक गावभर सांगत फिरतोय — "सगळा घोटाळा स्नेहलताईंनीच केला, भाऊ तर देवमानूस." देवमानूस! आता देव आठवला!

मला तुरुंगात टाका, मी भजन म्हणत बसेन. पण ती? आत्ता कुठे रात्री नीट झोपायला लागली होती माझी पोर.

सोमवार, १३ ऑक्टोबर

मागे घेतली.

अधिकारी बाईंनी विचारलं, "दबाव आहे का?" नाही म्हटलं. उभ्या आयुष्यात मुलींना सांगत आले, खरं बोला. आज सरकारी खुर्चीसमोर सरळ खोटं बोलले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

भाऊ, तू जिंकलास असं समजू नकोस. तुझ्या भाषणांना मी भ्यायले नाही, तुझ्या वाल्मिकला भ्यायले नाही. माझी लेक तुझ्या हातात होती, म्हणून फक्त. तू चोर आहेस हे मी देवळात सांगेन, बाजारात सांगेन, तुझ्या सभेत पहिल्या रांगेत बसून सांगेन. कागदावर नाही, तर तोंडाने!

राजनंदिनीला आजपासून माझ्याकडेच ठेवून घ्यायचं ठरवलं. तिच्या आईला निरोप धाडलाय.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दुपारच्या गाडीने स्नेहल आली. हातात कपड्यांची बॅग. पाय धुतले, पाणी प्यायली. मग म्हणाली, "मी नगरला जबाब देऊन आले, आई. सगळं सांगितलं."

मी ओरडलेच — अगं, मी मागे घेतली होती!

"माहीत आहे. तुला मागे घेता येते, मला नाही. तू त्यांना कधी मानलंच नव्हतंस. मी मानलं होतं."

जबाबात पहिलं नाव तिने स्वतःचं दिलंय.