पोह्यांच्या बशीत शिरलेली गाडी

आदरणीय आत्याबाईंना नूतनचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा आता कमी दुखत असेल आणि गडचिरोलीच्या थंडीत तुम्ही पहाटेचे फिरणे थांबवले असेल, अशी आशा आहे (दुसरे मुळीच खरे नसणार). एक कोडे तुम्हीही पाहिले असेल. नवशिका सायकलस्वार बहुधा खड्ड्यामुळे पडत नाही, हँडल सावरता सावरता पडतो. डावीकडे कलला की जोराने उजवीकडे, मग त्याहून जोराने डावीकडे. सावरणेच का पाडते? एम.टेक.ला मी याच प्रश्नामागे होते. आता पीएचडीलाही निवड झाली आहे. महिनाअखेर होकार कळवायचा आहे, आणि बाबा म्हणतात, "आधी लगन, मंग डिग्र्या."

त्यांना विषय पटावा म्हणून मी प्रयोगशाळेतली छोटी गाडी घरी राजुऱ्याला आणली. तिच्यावर बिजागरीने जोडलेली काठी असते. काठी कलली की गाडी त्याच बाजूला धावून तिला सावरते. नेमके त्याच सकाळी बाबांनी (मला न सांगता) पाहुणे बोलावलेले. मुलाच्या आईने विचारले, "सयपाक येते का पोरीले?" बाबा घाईने म्हणाले, "सारं येते! नूतन, दाखव तं तुही गाडी!"

गाडी गुळगुळीत फरशीसाठी जुळवलेली, आणि आपले अंगण सारवलेले. चाके अडखळली, म्हणून मी सावरण्याचा जोर वाढवला. चूक इथेच झाली. काठी कलल्याची बातमी गाडीला क्षणभर उशिरा मिळते. शिळ्या बातमीवर ती जोराने धावेपर्यंत काठी दुसरीकडे कललेली असते. सावरणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, चुकते ती वेळ (माणसांतही हे आढळते). प्रत्येक फेरीला अधिक लांब धावत गाडी खाली ठेवलेल्या पोह्यांच्या बशीत शिरली. मुलाची आई पाय खुर्चीवर घेऊन ओरडली, "धरा नं बाप्पा तिले!" (गाडीला की मला, ते कळले नाही.) बाबा कडाडले, "काऊन वं, हेच शिकून राह्यली का तू?"

मी जोर निम्मा केला. काठी थरथरली आणि उभी राहिली. पण ते पाहायला अंगणात मी एकटीच उरले होते.

तुमची,
नूतन

ता.क. बाबा फक्त तुमचे ऐकतात. मी बोलले की ते भडकतात, ते भडकले की मी आणखी बोलते. रविवारी ते तुमच्याकडे येत आहेत. पीएचडीला त्यांचा होकार तेवढा मिळवून द्या.

आणखी ता.क. त्या मुलाचा फोन आला होता. त्याला गाडी कशी बनवतात ते हवे आहे. हे बाबांना मुळीच सांगू नका, लगेच मांडव घालतील.

शेवटचे ता.क. आधी स्वतः करून पाहा. कमरेएवढी बांबूची काठी तळहातावर उभी करा. नजर तळहातावर ठेवली तर ती लगेच पडेल, शेंड्यावर ठेवली तर बराच वेळ टिकेल. मग ती बाबांच्या हाती द्या. नजर शेंड्यावर खिळलेल्या माणसाला रागावता येत नाही. तेवढ्यात माझा विषय काढा.