टाकी हिरवी झाली

मंगळवार, सकाळ

रात्रभर झोप नाही. बचत गटाच्या टाकीतलं स्पिरुलिना माझ्या हातून मेलं असंच वाटत होतं. ते बारीक हिरवं शेवाळ वाळवून लहान पोरांना भाकरीत देतात. हे काम गेलं तर पोरगी जवळ ठेवून दुसरं कोणतं करू?

भाऊनं शेवाळाचं बी आणून दिलं तेव्हा रोज ढवळ म्हणाला होता. पण मला ते विरजणासारखं वाटलं, न् विरजण कोणी हलवतं का? मी टाकी झाकली न् हातच लावला नाही. काल बघते तर वर पिवळट साय, खाली नुसतं पाणी. भाऊला फोन करून रडले. तो म्हणे, "नको रडू माय, सकायनी बसवर जास, नवं बी लई येस." म्हणजे सकाळच्या बसनं जाऊन नवं बी घेऊन येणार.

सासू हसली. "काय व, पानीना करता रडी ऱ्हायनी?"

आत्ता उजाडल्यावर पोरीचा खुळखुळा टाकीत पडला. काढायला काठी फिरवली, तर साय फुटली न् काठीमागं पाणी हिरवं! मग ढवळतच राहिले. सगळी टाकी हिरवीगार. मेलं नव्हतं, वर येऊन बसलं होतं नुसतं.

सासूनं वाकून बघितलं. "हाई ते मेथीनी भाजी दिखस!"

खुळखुळाही हिरवा झाला. धुऊन दिला, पोरगी वाजवतेय. भीती गेली तर आता डोळेच मिटताहेत. भाऊला दोनदा फोन लावला, उचलत नाही. उगाच त्याचा दिवस बुडेल. गटातलं जे कोणी ही वही वाचेल, त्यानं त्याला फोन लावत राहावं. म्हणावं, बसमधून उतर भाऊ, तुन्हं बी जित्तं शे.