बिअरच्या पार्टीला मी नाही

प्रताप,

मी वीरकडे रिचमंडला निघालेय. आज पाहुण्यांचं तुलाच बघावं लागेल. पोर्क ओव्हनमध्ये आहे, ते चार वाजता बाहेर काढ. सॉसेजेस ग्रिलवर कर. लाल कोबी नुसती गरम करायची आहे. बटाट्याच्या सॅलडमध्ये बेकन आहे, म्हणून सुलेखाकाकूंसाठी वेगळा डबा भरून ठेवलाय. बिअरचं पिंप गराजमध्येच आहे, मी हात लावलेला नाही.

तू शॉवरमध्ये असताना वीरचा फोन आला. दारू सोडून त्याला आज सहा महिने झाले. ही तारीख मी तुला पार्टी ठरवतानाच सांगितली होती. तो म्हणाला, "आई, आय वॉन्टेड टू कम होम. पण आज घरी बिअर असणार ना?" मी म्हटलं, "मग मीच येते."

दोन दिवस ओट्याशी उभी राहून पाय सुजलेत, भांडायचं त्राण नाही. गेल्या वर्षी दारूपायी तो पार्टीत नव्हता, तेव्हा तो कॉन्फरन्सला गेलाय असं तू सगळ्यांना सांगितलंस आणि मी मान डोलावली. आज कुणी विचारलं तर खरं सांग.

फोन ठेवताना वीर म्हणाला, "बाबांना यायला फोर्स करू नकोस." म्हणून करत नाही. त्याचा नवा पत्ता फ्रिजवर लावलाय.

सुहासिनी