यंत्रातलं काही न कळणारा माणूस

३ फेब्रुवारी
मानवी इतिहासात अपमानाचे प्रकार पुष्कळ झाले. पण त्रेपन्न वर्षांच्या वार्ताहराच्या बुडाखाली भर चौकात उशी सारण्याचा प्रकार आजच घडला. मोटार-शाळेच्या बाई — वय असेल सव्वीस — म्हणाल्या, ‘‘काका, बॉनेटच्या पुढचं दिसत नाहीये तुम्हाला. घ्या, सगळे घेतात.’’ सगळे! म्हणजे त्या उशीवर माझ्याआधी... नको, लिहवत नाही.

हे सगळं बायकोमुळे. लग्नापासून गाडी तीच चालवते. मी शेजारी बसून सभेला जातो, बातमी मनात जुळवत परत येतो. आता तिच्या डोळ्यांत इंजेक्शनं सुरू झाली आहेत. दोन महिने गाडी बंद, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. मी म्हटलं, भाड्याची करू. ‘‘अहो, शिकून घ्या.’’ विषय संपला.

शाळेच्या भिंतीवर पाटी — ‘जुनी ओळख सोडा, नवा रस्ता धरा!’ ओळख म्हणजे काय भाड्याची खोली आहे? किल्ली दिली आणि निघालो?

६ फेब्रुवारी
शाळेच्या लेखी परीक्षेत पन्नासपैकी पन्नास. पुस्तक तोंडपाठ केलं होतं, पृष्ठक्रमांकांसकट. बाई चकित. मग गाडीत बसलो आणि किल्ली कुठे घालायची ते सापडेना. पुस्तकात आकृती नव्हती!

९ फेब्रुवारी
लहानपणी संस्कृत पाठशाळेत शिकलेलंच तारेल म्हणून सगळा क्रम श्लोकात बांधला — ‘आदौ क्लचं समादाय ततो गियरमाचरेत्.’ छंद निर्दोष. चढावर तो म्हणत असताना गाडी घरंगळत मागे, थेट दूधवाल्याच्या टेम्पोपर्यंत. बाई ओरडल्या, ‘‘काका, ब्रेक म्हणायचा नसतो, दाबायचा असतो!’’ दूधवाला छंदाबद्दल काही बोलला नाही. माझ्या घराण्याबद्दल बोलला.

१० फेब्रुवारी
गेलो नाही.

११ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं, हा माझा पिंडच नव्हे. नऊ वर्षांचा असताना भिंतीवरचं घड्याळ मोडलं माझ्याकडून. मला आठवतं ते एवढंच — हातात चाकं, दारात वडील. सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, ‘‘हे पोर पोथीचं. याला यंत्राला हात लावू देऊ नका.’’ बाबावाक्यं प्रमाणम्!

ती डोळ्यांत थेंब घालून पडली होती. डोळे मिटूनच म्हणाली, ‘‘मामंजींना जाऊन अठरा वर्षं झाली. आता परवानगी कुणाकडून आणू?’’

१५ फेब्रुवारी
सहानुभूती मिळेल या आशेनं ताईला फोन केला. घड्याळाची कथा रंगवून सांगितली. ताई खो खो हसायला लागली.

‘‘अरे वेड्या, ते घड्याळ मी पाडलं! चेंडू मारून. तू खाली बसून तुकडे गोळा करत होतास, तेवढ्यात बाबा आले.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘मला मार बसला असता. तुझं नुसत्या प्रवचनावर भागलं.’’

नुसतं प्रवचन! चव्वेचाळीस वर्षं ऐकतो आहे. वडील गेले तरी थांबलं नाही — पुढचं मीच म्हणत राहिलो.

१६ फेब्रुवारी
ताईवर पानभर आग पाखडायला बसलो होतो. दोन ओळींत पेन अडलं. लबाडी नको. तो शिक्का मला फार फळला. दिवा गेला — मला यंत्रातलं कळत नाही. नळ गळतो — मला यंत्रातलं कळत नाही. एकदा भर उन्हात चाक पंक्चर झालं. बायको जॅक लावत होती, आणि मी तिच्यावर छत्री धरून त्या दिवशीच्या अग्रलेखाच्या चिंधड्या उडवत होतो. छत्रीसुद्धा, आता आठवतं, बरीचशी माझ्याच डोक्यावर होती.

पोथीतला माणूस म्हणे! शुद्ध मराठीत याला आयतोबा म्हणतात.

१७ फेब्रुवारी
गेलो. उशी आपणहून मागून घेतली.

८ मार्च
चढावर गाडी थांबवली आणि चढावरच पुढे काढली. तोंडातून अक्षर नाही. बाईंनी विचारलं, ‘‘काका, आज श्लोक नाही?’’ मी म्हटलं, ‘‘पायांना पाठ झाला.’’ त्या हसल्या. मी मात्र रस्त्यावरची नजर काढली नाही. गर्वाचं घर चढावर असलं तरी खालीच असतं.

२० मार्च
परवाना मिळाला. फोटोत मी फरारी आरोपी दिसतो.

संध्याकाळी बायकोला शेजारी बसवून पहिली फेरी मारली. कोपऱ्यावर ती एकदम म्हणाली, ‘‘सांभाळा, कुत्रं!’’ कुत्रं कुठलं, सिमेंटचं रिकामं पोतं होतं. मी घरी येईपर्यंत चिडवत होतो — भुंकलं का ग तुझं पोतं? तीही हसली.

२३ मार्च
आज मी तिला डॉक्टरांकडे नेलं आणि पहिल्यांदाच तिच्याबरोबर आत गेलो. ‘‘दोन महिने कुणी सांगितले तुम्हाला?’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘यांना डिसेंबरातच कल्पना दिली होती. गेली ती नजर परत यायची नाही. उरलेली किती टिकते ते बघायचं.’’ ती माझ्याकडे न बघता पर्सचा बंद लावत बसली.

येताना गाडी नीट चालवली.

मला भीती वाटते. तिला अगदीच दिसेनासं होईल, आणि मी कमी पडेन.