रक्तपेढीच्या प्रोग्रामची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, धंद्याने प्रोग्रामर, नात्याने एका मुलाची आई आणि एका सुनेची सासू, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून ठेवत आहे. गुडघे कुरकुरतात, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. देताना त्यांनी हसू दाबले, ते मी पाहिले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तशी कोणाची छातीच झाली नाही कधी.

१. राहते घर सामानासह मुलाला आणि सुनेला समान. माझ्या कामाच्या खोलीत मुलाला व्यायामाचे यंत्र ठेवायचे आहे, हे मला ठाऊक आहे. खुशाल ठेवावे. त्याआधी टेबलाखालच्या वायरी सुनेकडून सोडवून घ्याव्यात. त्याने हात लावला तर घरभर अंधार होईल.

२. बँकेतली शिल्लक सुनेला. मुलगा भरपूर कमावतो, आणि "आई, आता सगळं ब्राउझरमध्ये चालतं. तुझे प्रोग्राम म्हणजे अडगळ" असे जेवता जेवता म्हणतो. त्याचे शिक्षण त्याच अडगळीवर झाले, याची इथे नोंद असावी. राग नाही. थोडा आहे.

३. अक्षरे पुसली गेलेला माझा जुना कीबोर्ड लेथवाल्यांना. त्यांच्या कारखान्यातले साचे शोधून देणारा प्रोग्राम हे माझे पहिले काम. नवीन काही घ्या म्हटले की ते म्हणतात, "बाई, चालतंय ते बंद कशाला करू?" हे वाक्य मी कितीदा तरी ऐकले आहे आणि अजून पोट भरलेले नाही.

४. आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो रक्तपेढीचा प्रोग्राम. मी लिहिलेल्यांत हा सर्वांत देखणा आहे, आणि हे मी विनयाने म्हणत नाही. पेढीतल्या लोकांच्या हातांत हातमोजे असतात, माउस नीट धरता येत नाही. म्हणून सगळे काम मी आकड्यांच्या बटणांवर बसवले. स्क्रीनवर फ्रिजचे कप्पे जसेच्या तसे दिसतात. ज्या पिशवीची मुदत संपत आली, ती आपोआप पुढे येते. हवे ते रक्त नसेल तर एक बटण दाबावे. त्या गटाचे, सध्या रक्त देऊ शकणारे दाते समोर येतात, सर्वांत जवळ राहणारा वर. इंटरनेट गेले तरी काही अडत नाही. पेढीतली तंत्रज्ञ एकदा म्हणाली, "काकू, मी विचार करायच्या आत हा करून मोकळा होतो." त्या दिवशी मी घरी चालत आले, रिक्षा करावीशी वाटेना.

पण त्याचा कोड फक्त माझ्याकडे आहे. मी गेल्यावर काही बिघडले तर पेढी अडेल. म्हणून तो आमच्या मंडळाला द्यायचा आहे, आणि इथेच घोडे अडले आहे.

मंडळ म्हणजे आम्ही डेस्कटॉप प्रोग्राम लिहिणारे. महिन्यातून एकदा छापखान्याच्या माडीवर जमतो आणि आपापले काम एकमेकांना दाखवतो. दाखवण्याची रीत ठरलेली आहे. प्रोग्राम पहिल्यांदाच पाहणारा सभासद खुर्चीवर बसतो, त्याला एक काम सांगतात, आणि लिहिणारा मागे उभा राहतो, हात पाठीशी बांधून, तोंड मिटून. काम तडीला गेले की सगळे टेबले वाजवतात आणि प्रोग्राम पास. लिहिणाऱ्याचा हात पुढे आला की प्रोग्राम राहिला, म्हणजे नापास. पंच आहेत भिंग; बारीकसारीक दिसते म्हणून हे नाव पडले.

माझा रक्तपेढीचा प्रोग्राम दर वेळी राहिला. बसलेला माणूस स्क्रीनकडे नुसता बघत राहतो आणि माझे हात शिवशिवतात.

"बाई, हात."

"अहो, पण तो भलतीकडेच बघतोय!"

"बाई, राहिला."

सून म्हणते, तिच्या भाजीतही मी मागून डाव घालते. घालते. पण पास झाल्याशिवाय कोड द्यायचा नाही, असा माझा हट्ट होता आणि आहे.

तेव्हा माझ्या पश्चात होणाऱ्या पहिल्या बैठकीत सुनेने माझा कॉम्प्युटर माडीवर न्यावा. नव्या सभासदाला हातमोजे घालून बसवावे. काम: दुर्मिळ गटाचे रक्त तातडीने हवे आहे, मिळवून द्या. मागे माझ्या जागी मुलाने उभे राहावे, हात बांधून. अडगळ म्हणतो ना, मग त्याला जड जाऊ नये.

पास झाला तर कोड सर्वांना खुला करावा, वर माझे नाव ठेवून. राहिला तरी द्यावा; जिथे अडला तिथे दुरुस्त करून पुन्हा बसवावे. पेढी थांबता कामा नये, माझ्या हट्टापायी तर नाहीच.

५. भिंगांना काही नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये, असे वकील म्हणाले, आणि सही मला त्यांचीच हवी होती. माझ्या हिरव्या बटणांना त्यांनी चारचौघांत पोपटी म्हटले होते. ती हिरवीच आहेत.

या सगळ्याची अंमलबजावणी सुनेने करावी. तिला मधे मधे कोणी सूचना देऊ नयेत. मी देणार नाही, याची आता खात्री बाळगावी.

ठिकाण: माझी कामाची खोली, खिडकीजवळचे टेबल.
तारीख: वर्षाचा शेवटचा रविवार.
सही: (प्रोग्रामर, आई, सासू)

साक्षीदार पहिले, डॉक्टर: बाईंनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. हसू दाबले होते, हे खरे आहे.

साक्षीदार दुसरे, भिंग: बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी सही करत असताना माझ्या हातातले पेन काढून घेऊन कुठे करायची तेही दाखवले. मंडळाच्या नियमाप्रमाणे हे मृत्युपत्र राहिले; कायद्याने पास. त्या बैठकीत पंच म्हणून मी बसेन, पण "बाई, हात" म्हणायला समोर कोणी नसेल, याचे मला आत्ताच वाईट वाटते आहे. बटणे हिरवी आहेत.